घरून ऑनलाइन पेपर देताना

मी कॉलेजात इतिहास शिकवते. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑनलाइन आणि एमसीक्यू म्हणजे पर्याय निवडायच्या प्रश्नांच्या झाल्या, तेव्हा पुरवण्यांवर पुरवण्या जोडणारी माझी हुशार मुलंच जास्त धास्तावली होती. त्यांना जे सांगितलं, ते आजही ऑनलाइन पेपर देणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

आधी अभ्यासाची पद्धत बदला. ‘आयएमपी’ म्हणजे हमखास येणारे प्रश्न पाठ करून लेखी पेपर निघतो, एमसीक्यू निघत नाही. समजा प्रश्न आला, सत्यशोधक समाजाची स्थापना केव्हा झाली? पर्याय १८४८, १८७३, १८८२, १८९०. चारही सालं जोतीराव फुल्यांच्याच चरित्रातली. १८४८ ला मुलींची शाळा, १८८२ ला हंटर आयोगापुढचं निवेदन, १८९० ला त्यांचं निधन. धडा वरवर वाचलेल्याला चारही ओळखीची वाटतात आणि १८७३ वर बोट ठेवायचा धीर होत नाही. म्हणून प्रत्येक धड्यावर स्वतः प्रश्न काढा आणि चुकीचे तीन पर्याय त्याच धड्यातून शोधा. ते शोधताना धडा जेवढा पक्का होतो, तेवढा नुसत्या वाचनाने होत नाही. मग मैत्रिणीशी वह्या बदलून एकमेकींचे पेपर सोडवा.

तासाभरात पन्नास प्रश्न असले, तर एका प्रश्नाला ७२ सेकंद मिळतात. येणारे आधी उरका, अडलेल्यांवर खूण करून पुढे जा. मागे फिरता येतं का, हे सराव चाचणीतच बघून ठेवा. ती चाचणी बुडवू नका. चुकीच्या उत्तराला गुण कापत नसतील, तर एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

पेपर चालू असताना मामाचा फोन आला की स्क्रीन बदलते आणि लक्ष ठेवणारं परीक्षेचं ॲप ताकीद देतं. त्यावर एक सोपा उपाय आहे. आपलं सिम घरातल्या साध्या फोनमध्ये टाका आणि परीक्षेच्या मोबाइलला घरातल्या दुसऱ्या मोबाइलचा हॉटस्पॉट द्या. लॉगिनचा ओटीपी साध्या फोनवर येईल, म्हणून लॉगिन होईपर्यंत तो हाताशी ठेवा, मग घरच्यांकडे देऊन टाका. खिडकीकडे पाठ करून बसू नका, कॅमेऱ्यात चेहरा काळा दिसतो. प्रश्न मोठ्याने वाचायची सवय असेल तर आतापासून मोडा. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या उत्तरांच्या नादी तर मुळीच लागू नका. ती चुकीची असतात, आणि तुमचा वेळ खातात ते वेगळंच.

वीज गेली तर वायफायही जातं, तेव्हा मोबाइल डेटा भरलेला हवा. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची वीज गेली होती आणि नेमक्या त्याच दिवशी मुलांचे पेपर होते. असं काही झालं तर रडत बसू नका. अडकलेल्या स्क्रीनचा वेळेसह फोटो घरच्यांना काढायला सांगा, हेल्पलाइनला कळवा आणि त्याच दिवशी परीक्षा विभागाला ईमेल करा. त्यात पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), बैठक क्रमांक, विषयाचा कोड आणि पेपर नेमका किती वाजता बंद पडला ते लिहा. एक प्रत वर्गशिक्षकांना पाठवा, म्हणजे आम्हालाही तुमच्यासाठी पाठपुरावा करता येतो.