बोटीने फ्लोरिडाला निघताय? दोघांनी या चुका टाळा

दर सप्टेंबरात आम्हाला फोन यायला लागतात. कुणी नुकतंच निवृत्त झालेलं असतं, कुणी जुनी शिडाची बोट घेतलेली असते, आणि नवरा-बायकोने व्हर्जिनियातल्या नॉरफोकहून आतल्या जलमार्गाने, म्हणजे इंट्राकोस्टल वॉटरवेने, मायामी गाठायचं ठरवलेलं असतं. पहिला प्रश्न ठरलेला: "किती दिवस लागतात हो?" आम्ही दोघं हा मार्ग तीनदा गेलो आहोत. लोक ज्या चुका करतात त्यातल्या निम्म्याहून जास्त या प्रश्नातूनच निघतात, असं माझं मत झालं आहे.

नॉरफोकच्या शून्य मैलापासून मायामी साधारण 1090 मैलांवर. हे जमिनीवरचे मैल आहेत, सागरी नव्हेत. बोटीचा वेग नॉटमध्ये, म्हणजे तासाला किती सागरी मैल यात, मोजायचा आणि अंतर या मैलांत, इथेच पहिलं गणित चुकतं. इंजिनावर तासाला सात मैल, दिवसाला 50, म्हणजे 22 दिवस, असं लोक कागदावर मांडतात. त्यात उघडायची वाट बघायला लावणारे पूल नसतात, धुकं नसतं, उत्तरेचा वारा नसतो. नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की पाच-साडेपाचला अंधार पडतो, तेही नसतं. आम्ही सहा आठवडे धरतो. तेवढी सवड नसेल तर वाटेतल्या, साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनपर्यंत जा, बोट तिथे ठेवा आणि घरी या. उरलेला मार्ग पुढच्या वर्षीही तिथेच असेल.

ओहोटीला जॉर्जियात शिरणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण ती आम्ही केली आहे.

नॉर्थ कॅरोलायनाच्या अल्बमार्ल आणि पॅम्लिको या मोठ्या खाड्यांमध्ये चंद्राची भरती जवळपास नसते. तिथे पाणी वाऱ्याने वर-खाली होतं. त्यामुळे सुरुवातीला भरतीचा तक्ता न बघता चालून जातं आणि तीच सवय लागते. पुढे जॉर्जिया राज्यात गेल्यावर मात्र पाणी सहा तासांत सात ते नऊ फूट उतरतं. मुंबईचा समुद्र पाहिलेल्याला यात नवल नाही, पण मुंबईत आपण किनाऱ्यावर उभे असतो. इथे आपण त्याच पाण्यावर, नागमोडी खाडीत, दोन्हीकडे गवताळ चिखल. नकाशावर मार्गाची ठरलेली खोली 12 फूट लिहिलेली असते. गाळ साचलेल्या जागी ओहोटीला ती निम्मीही भरत नाही. हेल गेट, लिटल मड रिव्हर, जेकिल क्रीक ही नावं पाठ करून ठेवा.

आम्ही पहिल्या वर्षी लिटल मड रिव्हरला पोचलो तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. भरती साडेनऊला होऊन गेली होती. आदल्या दिवशी नांगर टाकून पुढच्या भरतीची वाट बघायची असं माझं म्हणणं होतं, पण पुढे धक्क्यावर जागेचे पैसे भरलेले होते आणि अंधाराआधी पोचायचं होतं. नवऱ्याचं लक्ष जीपीएसच्या स्क्रीनवर आखलेल्या मार्गाच्या रेषेवर. मी पुढे बसले होते. उजवीकडे तीस-चाळीस फुटांवर एक बगळा उभा होता, घोट्याएवढ्या पाण्यात. मी म्हटलं, "अरे, बगळा उभा आहे तिथे." तो म्हणाला, "रेषेवरच आहोत आपण." आणि बोट थांबली. धक्का नाही, आवाज नाही. लोण्यात सुरी गेल्यासारखी थांबली.

इंजिन मागे घेतलं तर नुसता काळा चिखल वर आला. भरतीनंतरचा तिसरा आणि चौथा तास सगळ्यात वाईट, हे मला तेव्हा पुस्तकातून माहीत होतं, अंगावर आलं नव्हतं. हिशेब बाराव्या भागाचा आहे: पहिल्या तासाला एकूण उताराचा एक भाग, मग दोन, मग तीन, तीन, दोन, एक. साडेसात फुटांची भरती असेल तर त्या मधल्या दोन तासांत दर तासाला जवळजवळ दोन फूट पाणी जातं. आमची बोट पाण्याखाली पाच फूट. वीस मिनिटांत ती कलायला लागली. दोन वाजता कपाटातले डबे जमिनीवर होते, आणि आम्ही दोघं भिंतीवर पाय देऊन बसलो होतो. एकच गोष्ट नीट केली: डिंगीतून, म्हणजे बरोबरच्या छोट्या होडीतून, दुसरा नांगर खोल पाण्याच्या बाजूला नेऊन टाकला, म्हणजे भरती आली की बोट आणखी चिखलात ढकलली जाऊ नये. सात वाजता, मिट्ट काळोखात, ती हळूहळू उभी राहिली. साडेसहा तास.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. आदल्या रात्री उद्याच्या भरतीच्या वेळा कागदावर पेन्सिलने लिहायच्या आणि सुकाणूशेजारी चिकटवायच्या. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून कालचा कागद आज चालत नाही. उथळ जागेत शिरायचं ते भरती निम्मी चढल्यावर, म्हणजे टेकलोच तर पाणीच आपल्याला उचलतं. त्यासाठी सकाळी दहापर्यंत नांगरावर बसावं लागलं तर बसायचं, चहा करायचा. स्क्रीनवरची रेषा कुणीतरी आधी कधीतरी आखलेली असते. वाळू आणि गाळ त्यानंतर हलतो. रंगीत खुणा, पाण्याचा रंग, पक्षी, खोलीचा आकडा हे सगळं आधी बघा, मग स्क्रीन. माझं माहेर दाभोळच्या खाडीकाठचं. तिथे तरीवरचा तांडेल पाण्याकडे बघूनच वळायचा, हे लहानपणी रोज पाहिलं होतं, आणि तरी त्या दिवशी मी बगळ्याबद्दल एकदाच बोलून गप्प बसले.

बोट एकालाच चालवता येणं

जोडप्यांची ही सर्रास दिसणारी चूक. नवरा सुकाणूवर, बायको दोर घेऊन पुढे उभी, आणि धक्का जवळ आला की आरडाओरडा. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही, ती उडी मारते, पाय घसरतो. सुकाणूला ताकद लागत नाही. ताकद दोराला लागते, साखळीला लागते. मग ज्याच्या अंगात जोर जास्त त्याने दोर धरावा. आमच्याकडे धक्क्याला बोट मीच लावते. शिकायला एक अख्खा उन्हाळा गेला, रिकाम्या धक्क्यावर रविवारी सकाळी पन्नास वेळा लावून बघितली.

कुणी म्हणतं, "तिला आवड नाही." आवडीचा प्रश्नच नाही. तो पाण्यात पडला तर बोट वळवून परत आणणार कोण? निघायच्या आधी एक फेंडर (धक्क्याला घासू नये म्हणून बोटीच्या बाजूला लटकवतात ती हवेची उशी) पाण्यात टाका आणि दोघांनी आळीपाळीने, दुसऱ्याने तोंडही न उघडता, तो उचलून आणा. जमेपर्यंत निघू नका. रेडिओवर 16 नंबरच्या, म्हणजे मदत मागायच्या, चॅनेलवर बोलायलाही दोघांना आलं पाहिजे. नांगर टाकताना बोलायचंच नाही, हाताच्या खुणा ठरवायच्या: मूठ म्हणजे थांब, हाताचं बोट दाखवलं त्या दिशेला वळ, तळहात मागे म्हणजे रिव्हर्स. आमची निम्मी भांडणं त्यानेच मिटली.

नांगराची साखळी ओहोटीच्या पाण्यावर मोजणं

संध्याकाळी खोलीचा मीटर आठ फूट दाखवतो, लोक पाचपट म्हणून 40 फूट सोडतात आणि झोपतात. जॉर्जियात रात्री त्यात आणखी आठ फूट भरतात, आणि बोटीचं नाक पाण्यापासून चारेक फूट वर असतं ते वेगळंच. म्हणजे हिशेब 20 फुटांचा, सोडायचे 100. मी 140 सोडते. प्रवाहही सहा तासांनी उलटा फिरतो, तेव्हा शेजारच्या बोटीपासून अंतर ठेवा.

आता बाकीच्या, थोडक्यात.

मार्गाच्या फलकांवरच्या छोट्या पिवळ्या खुणा न बघणं. दक्षिणेला जाताना पिवळा त्रिकोण उजव्या हाताला, पिवळा चौकोन डाव्या हाताला. नॉर्थ कॅरोलायनातल्या केप फिअर नदीत लाल-हिरव्या खुणांची बाजू उलटते आणि नवखे तिथे गोंधळतात. त्रिकोण-चौकोन मात्र तसेच राहतात.

पूल उघडायला सांगताना रेडिओच्या चुकीच्या चॅनेलवर हाक मारणं. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनात 13, साउथ कॅरोलायनापासून खाली 9.

डोलकाठी न मोजणं. पक्के, म्हणजे न उघडणारे, पूल पाण्यापासून 65 फूट उंच धरलेले आहेत, मायामीचा ज्युलिया टटल पूल मात्र 56 फुटांचा आहे. उंच काठीच्या बोटींना तिथे समुद्रातून जावं लागतं. अँटेनाही मोजा.

अल्बमार्लची मोठी खाडी वाऱ्यात ओलांडणं. पाणी उथळ, म्हणून लाटा आखूड आणि उभ्या. टाकीच्या तळाचा गाळ ढवळून डिझेलच्या फिल्टरमध्ये येतो तोही इथेच, भर मध्यावर. जादा फिल्टर बरोबर हवेत आणि बदलता आले पाहिजेत.

विम्याचे कागद न वाचणं. चक्रीवादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर. कुठल्या तारखेआधी किती दक्षिणेला जायचं नाही, हे बऱ्याच पॉलिसींत लिहिलेलं असतं.

साधी मच्छरदाणी. जॉर्जियातली चिलटं तिच्या भोकांतून आरामात आत येतात. अगदी बारीक जाळी शिवून घ्या, आणि वारा पडायच्या आत, सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी, सगळ्या खिडक्यांना लावा.