किनाऱ्याच्या वाळूत मेटल डिटेक्टर फिरवायला निघण्याआधी

बॅटरी, पाणी, टोपी, परवानगी, ओहोटीची वेळ हे सगळं तुम्ही बघालच. हेडफोन मात्र आठवणीनं घ्या. लाटांच्या आवाजात खोलवरच्या वस्तूचा बारीक सूर उघड्या कानाला लागत नाही.

आता नमुन्यांची पुरचुंडी, म्हणजे कोणत्या वस्तूला यंत्र कोणता आकडा दाखवतं हे आधी ताडून बघायला. सोन्याची अंगठी, चांदीची एखादी वस्तू, कॅन उघडायची कडी, अॅल्युमिनियम फॉइलची गोळी, बाटलीचं पत्र्याचं बूच आणि लोखंडी खिळा. प्रत्येकाला लांब दोरा बांधा, नाहीतर नमुनाच वाळूत जाईल. गेल्या वेळी ओळखीतल्या एकांची हरवलेली अंगठी शोधायला गेलो आणि ही पुरचुंडी घरीच राहिली. यंत्राच्या पडद्यावर एक मधला आकडा दोन-तीनदा आला. कडी असणार, असं ठरवून मी पुढे सरकलो. घरी येऊन तशाच जाडीची अंगठी कॉइलखाली (यंत्राच्या टोकाच्या चकतीखाली) धरली, तर तोच आकडा! तोवर त्या जागेवरून भरती फिरून गेली होती. अंगठी अजून सापडलेली नाही.

असं होतं, कारण यंत्राला सोनं कळत नाही. कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रामुळे वस्तूत जो विद्युतप्रवाह उठतो, त्याचा प्रतिसाद ते मोजतं. त्यात धातूइतकाच आकार, जाडी आणि कडं अखंड आहे की तुटलेलं, हेही येतं. म्हणून बारीक अंगठी फॉइलच्या आकड्यावर बोलते, जाड अंगठी कडीच्या. तुटलेली अंगठी खालच्या आकड्यावर जाते आणि नाजूक साखळी तर यंत्राला जेमतेम जाणवते. तेव्हा पुरचुंडी घ्या, आणि हरवलेल्या अंगठीची जोडीची अंगठी मालकाकडे असेल तर तीही मागून घ्या.

नमुने हवेत धरून तपासू नका. जिथे शोधायचं त्याच वाळूत, आधी चार बोटं आणि मग वीतभर खोल पुरा, आकडे वहीत लिहा. कोरड्या वाळूवरचे आकडे ओल्या वाळूवर जसेच्या तसे धरू नका. खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीचं यंत्र तिथे उगाच कलकल करतं. ओल्या पट्ट्यात उतरल्यावर ग्राउंड बॅलन्स (यंत्र त्या वाळूशी जुळवून घेणं) पुन्हा करा, सेन्सिटिव्हिटी उतरवा, आणि नमुने पुन्हा पुरा. हो, पुन्हा!

डिस्क्रिमिनेशनमध्ये, म्हणजे नको त्या आकड्यांचा आवाज बंद करायच्या सोयीत, मधले आकडे बंद करू नका. कचऱ्याबरोबर सोनंही गप्प होईल.

आवाज आला की त्याच जागेवर काटकोनात वळून दुसऱ्या बाजूनं कॉइल फिरवा. सपाट पडलेल्या अंगठीचा आकडा बहुतेक वेळा दोन्हीकडून जागेवर राहतो, लोखंडाचा उड्या मारतो. गंजकं बूच मात्र चांगल्या आकड्याचं सोंग घेतं, म्हणून ते पुरचुंडीत हवंच. तरीही शंका राहिली तर खणा. सोडून द्यायचं नाही.

जाळीचं फावडं, पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा दाखवणारं हातातलं छोटं यंत्र), कचऱ्याला पिशवी हेही घ्या. वस्तू निघाली तरी खड्डा पुन्हा तपासा, मग बुजवा. जड, गंजकं नळकांडं दिसलं तर ते स्फोटक असू शकतं, हात लावू नका, लांब व्हा, पोलिसांना कळवा. घरी कॉइल गोड्या पाण्यानं धुवा. नमुने मोजून पुरचुंडी डिटेक्टरच्या दांड्यालाच बांधून ठेवा.