‘पित्तच असेल’ म्हणत महिने घालवू नका: जठराच्या कर्करोगाबाबत या चुका टाळा

जठराचा कर्करोग सुरुवातीला स्वतःचं नाव सांगत नाही, तो पित्ताच्या नावावर खपून जातो. जेवल्यावर जड वाटतं, छातीत जळजळतं, करपट ढेकर येतात. घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘पित्तच असेल, गोळी घे.’ आणि बहुतेक वेळा ते पित्तच असतं, अडचण नेमकी तिथे आहे. जे पित्त नाही, तेही त्याच गर्दीत लपतं. २०२२ मध्ये जगभरात सुमारे ९ लाख ७० हजार लोकांना या कर्करोगाचं निदान झालं आणि सुमारे ६ लाख ६० हजार लोक त्याने गेले.

गोळीने बरं वाटलं, म्हणजे काही नव्हतं

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गोळ्या आम्ल कमी करतात. कर्करोगामुळे झालेल्या जखमेचा वरचा थरही त्यांनी काही काळ भरून येऊ शकतो. दुखणं थांबतं, माणूस निर्धास्त होतो. त्यामुळे ‘गोळी लागू पडली’ हे निदान नव्हे. गोळी बंद केली की त्रास परत, पुन्हा गोळी, असं चक्र तुम्ही स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने चालवत असाल, तर पुढचं पाकीट आणण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

वजन उतरल्याचं कौतुक

मला सगळ्यात घातक वाटते ती ही चूक, कारण यात सगळे सामील असतात. पट्टा आधी एक भोक आत जातो, मग दोन. भेटणारे म्हणतात, ‘वा, बारीक झालास!’ आणि जो झाला आहे तोही हसून मान डोलावतो. त्याने ना व्यायाम वाढवलेला असतो, ना ठरवून खाणं कमी केलेलं. फक्त अर्ध्या जेवणातच पोट गच्च भरल्यासारखं होतं, म्हणून तो ताट बाजूला सारतो. प्रयत्न न करता उतरलेलं वजन आणि चार घासांत भरणारं पोट ही जोडी दिसली, की कौतुक थांबवून तपासणीची वेळ घ्यायची. गिळताना घास अडकणं, वारंवार उलट्या होणं किंवा उलटीत रक्त दिसणं यालाही हेच लागू.

हिमोग्लोबिन कमी आलं, लोहाची गोळी सुरू केली, विषय संपला

जठरातून रक्त थेंबाथेंबाने झिरपत असेल तर पोट अजिबात दुखत नाही, असंही होऊ शकतं. दिसतो तो थकवा, जिना चढताना लागणारी धाप आणि रिपोर्टमधला उतरलेला आकडा. लोह कमी झालं हे उत्तर अर्धंच आहे, ते गेलं कुठे हे विचारायला हवं. पुरुषांत आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांत तर हा प्रश्न टाळूच नये.

इथे आणखी एक घोळ होतो. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळपट होतं, म्हणून खरी काळी शौचही ‘गोळीमुळेच’ म्हणून सोडून दिली जाते. रक्तामुळे काळी झालेली शौच डांबरासारखी चिकट असते आणि तिला उग्र घाण वास येतो. तशी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

सोनोग्राफी नॉर्मल आहे ना, मग दुर्बीण कशाला?

जठरात हवा असते आणि हवेपलीकडे सोनोग्राफीला नीट दिसत नाही. आतल्या अस्तरावरची छोटी जखम तिच्यातून सहज सुटते. रक्तातल्या ‘कॅन्सर मार्कर’च्या भरवशावरही राहता येत नाही, सुरुवातीच्या टप्प्यात ते नॉर्मल असू शकतात. पाहायचं तर एंडोस्कोपीच, म्हणजे तोंडातून दुर्बिणीची नळी घालून केलेली तपासणी.

तिची भीती तपासणीपेक्षा मोठी असते. काही तास उपाशी राहायचं, घशात बधिर करणारा फवारा घ्यायचा, डाव्या कुशीवर झोपायचं. हवं तर गुंगीचं औषधही मिळतं. नळी करंगळीएवढी जाड असते आणि अन्ननलिकेतून जाते, त्यामुळे श्वास अडत नाही. उमासे येतात, ते खरं. पण बहुतेकदा काही मिनिटांत सगळं आटोपतं. संशय आलाच तर अस्तराचे बारीक तुकडे घेतात. ‘तुकडा काढला की कर्करोग पसरतो’ या भीतीपोटी नकार देणं म्हणजे निदानच नाकारणं. जठरात अल्सर निघाला असेल, तर औषधांनंतर तो खरंच भरला का हे पाहायला डॉक्टर साधारण ८ ते १२ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण करायला सांगतात. ‘आता दुखत नाही’ म्हणून ती चुकवू नका.

एच. पायलोरीचा कोर्स अर्धवट सोडणं

जठरात राहणारा हा जिवाणू ऑस्ट्रेलियात पर्थ इथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी शोधला. त्याने जठराला सूज येते हे कुणी मानेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शलनी तो चक्क स्वतः प्यायला आणि आजारी पडून दाखवलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. त्याआधीच, १९९४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कर्करोगकारक ठरवलं होतं. तरीही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून हादरू नका, संसर्ग झालेल्या बहुसंख्य लोकांना कर्करोग कधीच होत नाही.

उपचार बहुधा १४ दिवसांचा असतो. तोंड कडू पडतं, पोट बिघडतं आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पाकीट कपाटात जातं. उरलेले जिवाणू मग त्या औषधांना दाद देईनासे होऊ शकतात. जिवाणू गेला का हे तपासायची घाईही नको. अँटिबायोटिक संपून किमान ४ आठवडे आणि आम्लाची गोळी बंद होऊन २ आठवडे व्हायला हवेत, नाहीतर श्वासाची किंवा शौचाची तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. रक्तातली अँटिबॉडी तपासणी यासाठी निरुपयोगी, कारण जिवाणू गेल्यावरही ती पॉझिटिव्ह राहू शकते.

तिखट सोडलं, तंबाखू चालूच

हे तर सर्रास. धूम्रपान, खूप मीठ आणि मिठात मुरवून किंवा धुरी देऊन टिकवलेले पदार्थ यांचा या कर्करोगाशी संबंध दिसून आला आहे. मिरचीला शिव्या देऊन सिगारेट ओढणाऱ्याचं गणित चुकतं.

घरातला इतिहास न सांगणं

आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला जठराचा कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. काही घराण्यांत सीडीएच१ या जनुकातल्या बदलामुळे तो कमी वयातही होतो. तिथे ‘तुमचं वय नाही’ हा दिलासा चालत नाही.

डॉक्टरांकडे जाताना एका चिठ्ठीवर लिहा: त्रास कधी सुरू झाला, सहा महिन्यांपूर्वी वजन किती होतं, आज किती आहे. आणि आजवर मनाने घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, असतील तेवढी सगळी, पिशवीत घालून सोबत न्या.