सोलापुरातला मुक्कामाचा दिवस: या चुका टाळा

पुण्याहून हैदराबादकडे एकट्याने सायकलवर निघालेला माणूस साधारण अडीचशे किलोमीटर कापून तिसऱ्या संध्याकाळी सोलापुरात पोचतो. पुढचा दिवस विश्रांतीचा ठरवलेला असतो. हा दिवस वाया जातो तो कामं उलट्या क्रमाने केल्यामुळे. सकाळी झोप, दुपारी गाव बघणं, संध्याकाळी कपडे, आणि रात्री नऊला लक्षात येतं की मागच्या ब्रेकचं रबर संपलंय. दुकानं तेव्हा बंद असतात. सायकल सकाळी, शरीर दुपारी आणि चाचणी संध्याकाळी दुकानं उघडी असताना, हा क्रम पाळला तर पुढच्या बहुतेक चुका होतच नाहीत.

लॉजचा हिशेब न विचारणं

काही लॉजवर चोवीस तासांचा चेकआउट असतो, काहींवर दुपारी बाराचा. संध्याकाळी सहाला आत गेलात आणि परवा पहाटे निघणार असाल तर दोन्हीकडे दोन दिवसांचं भाडं लागतं. पण निघणं दुपारपर्यंत लांबलं तर बाराच्या हिशेबात तिसरा दिवस लागू शकतो. खोली घेतानाच विचारा. खोली तळमजल्यावरची मागा आणि सायकल खोलीतच ठेवू देतील का हेही तेव्हाच ठरवा. चिखलाने माखलेली सायकल पाहून मॅनेजर नाही म्हणतो. टायर फडक्याने पुसून आत गेलात तर बहुतेक जण हो म्हणतात.

जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते. त्या दिवसांत खोली आधी फोन करून ठेवा. आयत्या वेळी लॉज शोधत फिरण्यात अर्धा दिवस जातो.

सायकल वॉशिंग सेंटरवर नेणं

गाड्या धुण्याचा जोराचा फवारा हब (चाकाचा मधला भाग), बॉटम ब्रॅकेट (पॅडलचा आस बसतो तो भाग) आणि हँडलच्या बेअरिंगमध्ये पाणी घुसवतो. ग्रीस धुतलं जातं आणि दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर चाकातून खरखर ऐकू येते. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे लॉजच्या नळाखाली सायकल धुणं तसंही बरं नाही. अर्धी बादली पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब आणि जुनं फडकं, एवढ्यात काम होतं.

चेनवर तेल ओतून मोकळं होणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. मळलेल्या चेनवर नवं तेल टाकलं की धूळ आणि तेल मिळून पॉलिश पेपरसारखी लेई तयार होते आणि ती पिना झिजवत राहते. इंजिन ऑइल तर टाळाच. ते जाड असतं आणि काळ्या मातीची धूळ धरून ठेवतं.

आधी चेन मोजा. स्टीलची पट्टी एका पिनेच्या मध्यावर लावा आणि ती पिन सोडून पुढच्या चोविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत अंतर बघा. नव्या चेनमध्ये ते 12 इंच, म्हणजे 304.8 मिलिमीटर असतं. आठ-नऊ गिअरच्या सायकलवर ते 307 झालं असेल तर चेन इथेच बदला. 308 ओलांडलं असेल तर कॅसेटही, म्हणजे मागच्या चाकावरच्या गिअरच्या दातेरी चकत्याही, झिजलेली असण्याची शक्यता मोठी. तेव्हा नुसती नवी चेन घातली तर जोर लावताच ती दातांवरून उड्या मारते, आणि दोष चेनचा नसून कॅसेटचा असतो.

चेन चांगली असेल तर गॅरेजमधून शंभर-दीडशे मिली डिझेल मागून घ्या. जुन्या टूथब्रशने चारही बाजूंनी घासा. डिस्क ब्रेक असेल तर आधी डिस्क प्लास्टिकच्या पिशवीने झाका. डिस्कवर डिझेल उडालं की पॅड बाद झालाच म्हणून समजा. मग साबणाच्या पाण्याने पुसा आणि चेन पूर्ण सुकू द्या. सोलापूरच्या उन्हात अर्धा तास पुरतो. त्यानंतर जोडणीची कडी बघून तिथून सुरुवात करा. प्रत्येक रोलरवर (पिनेभोवतीच्या फिरत्या नळीवर) एकच थेंब, पॅडल उलटं फिरवत. पुन्हा तीच कडी आली की थांबा. दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने चेन धरून बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. तेल आत रोलरमध्ये हवं, बाहेर नको. बोट लावल्यावर काळा डाग उमटला तर अजून पुसायचं बाकी आहे.

टायर वरवर बघणं

हवा टिकतेय म्हणजे टायर ठीक, असं नसतं. सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे टायरच्या जाडीत अडकून राहतात आणि रोज थोडे आत सरकतात. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरच्या बारीक तारा पडलेल्या असतात, त्या तर केसाएवढ्या असतात. चाक काढा, ट्यूब बाहेर घ्या, टायर उलटा करून आतून कापसाचा बोळा फिरवा. जिथे कापूस अडकेल तिथे तार आहे. बाहेरून बारीक चिमट्याने उपटा. बोटाने आत चाचपू नका.

पंक्चर काढल्यावर ठिगळ लावलेली ट्यूब पंधरा मिनिटं तरी पाण्यात बघा. प्रवासात घाईने लावलेली ठिगळं आज तपासायची असतात.

मागचा टायर जास्त झिजतो म्हणून तो पुढे टाकण्याची सवय पुष्कळांना आहे. ती धोक्याची आहे. मागचा टायर फुटला तर सायकल डुलते, पुढचा फुटला तर हँडल हातातून जातं. चांगला टायर नेहमी पुढे. नवा घेतलात तर तो पुढे, पुढचा मागे आणि झिजलेला बाद.

ट्यूब घेताना व्हॉल्व्ह बघून घ्या. गावातल्या बहुतेक दुकानांत साध्या सायकलच्या ट्यूब असतात. 700 सीच्या (रोड सायकलच्या मापाच्या) चाकाला बारीक व्हॉल्व्हची ट्यूब लागत असेल तर आदल्या दिवशी फोन करून विचारा. पेट्रोल पंपावरची हवाही बारीक व्हॉल्व्हला लागत नाही. पितळी ॲडाप्टर जवळ ठेवा.

स्पोक आणि बोल्ट विसरणं

सामान लादलेल्या सायकलीचा स्पोक तुटतो तो बहुधा मागच्या चाकात, कॅसेटच्या बाजूचा. जोडीजोडीने स्पोक चिमटीत दाबत चाक फिरवा. एखादी जोडी सैल लागली की सायकल मिस्त्रींकडे आउट काढून (चाक सरळ करून) घ्या, आणि त्या चाकाच्या मापाचे दोन-तीन स्पोक सोबत न्या. कॅसेटच्या बाजूचे आणि दुसऱ्या बाजूचे स्पोक अनेकदा वेगळ्या लांबीचे असतात.

कॅरिअरचे बोल्ट बहुधा 5 मिलिमीटरचे असतात आणि 4 च्या ॲलन कीने घट्ट होतात. एक बोल्ट सैल असला की दुसऱ्यावर सगळा भार येतो आणि तो फ्रेमच्या आत तुटतो. तो काढायला रस्त्यात काही मिळत नाही.

विश्रांती म्हणजे तुळजापूरला जाऊन येणं

तुळजापूर साधारण पंचेचाळीस किलोमीटर आणि अक्कलकोट चाळीस. सायकलवर जाऊन आलात तर तो विश्रांतीचा दिवस राहिला नाही. दर्शन घ्यायचंच असेल तर एसटीने जा. सिद्धेश्वर मंदिर आणि भुईकोट किल्ला शेजारीशेजारी आहेत, ऊन उतरल्यावर तासाभरात दोन्हीकडे निवांत जाता येतं. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा दुपारी बारा ते चार बाहेर फिरलात तर सायकल चालवल्याइतकाच घाम जातो.

दिवसभर लोळणंही चूक. वीस मिनिटं हलक्या गिअरवर पॅडल मारा, पाय आखडणार नाहीत.

ओआरएसचं (जलसंजीवनीचं) एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवायचं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पूर्ण पाकीट टाकलं की ते फार खारट होतं आणि तहान भागवण्याऐवजी पोट बिघडवतं. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. चालवलं नाही म्हणून जेवण अर्धं करू नका; स्नायू आजच भरून येतात. ज्वारीची भाकरी, पिठलं, दही पोटाला सोसतं. हुरड्याचा हंगाम असेल तर चव जरूर घ्या, पण मूठ-दोन मुठीच. जास्त झाला तर दुसऱ्या दिवशी पोट जड राहतं. कडक भाकरी आणि शेंगा चटणी मात्र बांधून घ्या. दोन्ही कोरड्या, काही दिवस टिकतात. नळदुर्ग-उमरग्याच्या टप्प्यात ढाबा बंद मिळाला तर हीच शिदोरी कामी येते.

सोलापुरी चादर सायकलवर लादू नका, कुरिअरने घरी पाठवा.

सायकलची शॉर्ट उलटी करून धुवा आणि आतली बाजू उन्हाकडे करून वाळत घाला. ओली शॉर्ट घातली की चामडी सोलते. मांडीला गळू आलं असेल तर फोडू नका. सैल सुती कपड्यात दिवस काढा, आणि ताप किंवा वाढती सूज असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

चाचणी न करता झोपणं

संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास सगळं सामान लादून तीन-चार किलोमीटर चालवा. रिकाम्या सायकलवर जो गिअर व्यवस्थित बसतो तो सामानासह चढाला उडी मारू शकतो. पुढचा ब्रेक दाबून हँडल मागे-पुढे हलवा, टकटक आवाज आला तर हेडसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, सैल आहे. हे दोष अजून मिस्त्रींच्या दुकानात सुटतात.

दुसऱ्या दिवशी पहिले पंधरा-वीस किलोमीटर पाय जड वाटतात. ते साहजिक आहे, हलक्या गिअरवर काढा. पण गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं तर थांबून सीट बघा. धुताना किंवा दुरुस्तीत सीट उतरवली असेल तर ती सेंटिमीटरभर खाली बसलेली असते. म्हणून सीटपोस्टला आधीच इन्सुलेशन टेपची खूण करून ठेवा.