ड्राफ्टमध्ये वरचा क्रमांक विकत घेताना या चुका टाळा

एनएफएल या अमेरिकी फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये 32 संघ सात फेऱ्यांत नवे खेळाडू निवडतात आणि आपले पिक, म्हणजे खेळाडू निवडण्याची पाळी, दुसऱ्या संघाला देऊन वरचा क्रमांक घेण्याची मुभा प्रत्येकाला असते. या व्यवहारातली सर्वांत महागडी चूक म्हणजे पुढच्या वर्षीचे पिक स्वस्त समजणे. यंदाचा खेळाडू डोळ्यांसमोर असतो आणि पुढच्या वर्षीचा कोण, हे ठाऊक नसते, म्हणून ते पिक हातातून सहज सुटते. 1999 मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सने रिकी विल्यम्ससाठी पाचवा क्रमांक घेताना त्या वर्षीचे आपले सगळे पिक आणि 2000 सालचे पहिल्या व तिसऱ्या फेरीचे पिक वॉशिंग्टनला दिले. त्या हंगामात सेंट्सने तीन सामने जिंकले, तेरा गमावले. ड्राफ्टमध्ये कमकुवत संघाला आधी निवड मिळते, त्यामुळे दिलेले पहिल्या फेरीचे पिक थेट दुसऱ्या क्रमांकाचे ठरले. भविष्यातले पिक देणारा संघ स्वतःच्या अपयशाची किंमतही आगाऊ लिहून देत असतो, आणि हिशेबात नेमके हेच राहून जाते.

कॅन्सस सिटी चीफ्सने 2017 मध्ये 27 वरून 10 वर येताना तिसऱ्या फेरीचे पिक आणि 2018 चे पहिल्या फेरीचे पिक दिले, तेही सेंट्सप्रमाणे भविष्यातलेच होते. मात्र आदल्या हंगामात बारा सामने जिंकलेल्या संघाचे पुढचे पिक खालच्या क्रमांकाचे असण्याची शक्यता अधिक होती, आणि अनुभवी क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) अलेक्स स्मिथ संघात असल्याने त्या दहाव्या क्रमांकावर घेतलेल्या क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला शिकायला वर्षभर मिळाले.

त्याच ड्राफ्टमध्ये शिकागो बेअर्सने 3 वरून 2 वर, म्हणजे केवळ एक पायरी चढण्यासाठी तीन जादा पिक सॅन फ्रान्सिस्कोला दिले आणि क्वार्टरबॅक मिच ट्रुबिस्कीला घेतले. खाली सरकलेल्या सॅन फ्रान्सिस्कोने क्वार्टरबॅक न घेता बचावपटू सॉलोमन थॉमसला निवडले. आपला खेळाडू खरोखर दुसरे कोणी नेणार आहे का, याची कसून चौकशी न करता बोली लावू नये.

चूक झालीच, तर गेलेले पिक वसूल करण्याच्या हट्टाने त्या खेळाडूला मैदानावर रेटत राहू नये. सॅन फ्रान्सिस्कोने 2021 मध्ये क्वार्टरबॅक ट्रे लान्ससाठी पहिल्या फेरीचे तीन आणि तिसऱ्या फेरीचे एक पिक मोजले, तरी 2023 मध्ये चौथ्या फेरीच्या एका पिकवर त्याला डॅलसकडे पाठवले. तोवर 2022 च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, 262वा खेळाडू ब्रॉक पर्डी त्यांचा क्वार्टरबॅक झाला होता.