पिकअपसाठी रॉक स्लायडर निवडताना पाईप नंतर बघा, आधी पाय बघा

पिकअप घेऊन दगडाधोंड्यात जायचं ठरलं की लोक आधी टायर घेतात, मग गाडी उंच करणारं लिफ्ट किट, मग पुढचा बंपर, मग लाईट, आणि स्लायडरचा, म्हणजे दरवाजांखाली चेसीला जोडलेल्या संरक्षक पाईपचा, नंबर लागतो सगळ्यात शेवटी. माझं मत विचाराल तर टायरनंतर लगेच स्लायडरच यायला हवेत. बंपर चेपला तर काढून दुसरा लावता येतो, फेंडर बोल्टवर असतो तोही बदलता येतो, पण दरवाजाच्या खालची पट्टी, जिला सिल म्हणतात, ती कॅबच्या सांगाड्याचाच भाग असते. ती एकदा आत गेली की दरवाजा नीट लागत नाही, खालून धूळ-पाणी आत यायला लागतं, आणि काम निघतं ते पत्रा कापून नवीन वेल्ड करायचं.

त्यात पिकअप लांब. दोन दरवाजांच्या जीप रँगलरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४५९ मिमी आहे, डबल कॅब (चार दरवाजांच्या) हायलक्सचा ३०८५ मिमी आणि जीप ग्लॅडिएटरचा तर जवळपास ३४८७ मिमी. पुढची चाकं दगड चढून उतरली आणि मागची अजून यायचीत, अशा वेळी गाडीचा मधला भागच दगडावर टेकतो आणि लांब गाडीत हे जास्त वेळा होतं, कितीही उंच टायर घाला. ग्लॅडिएटरच्या रुबिकॉन मॉडेलला कंपनीकडूनच कॅबखाली रेल, म्हणजे स्लायडरच, येतात, वर मागच्या लोड बेडच्या (सामानाच्या हौद्याच्या) खालच्या कोपऱ्यांनाही वेगळ्या छोट्या रेल दिल्यात, यावरून मार नेमका कुठे बसतो ते कळतं.

आता साईड स्टेप आणि स्लायडर यात बरेच जण गोंधळ करतात, कारण दोन्ही लांबून सारखेच दिसतात. साईड स्टेप पाय ठेवून चढायला असते, तिला एका माणसाचं वजन झेपलं की काम झालं. तिचे ब्रॅकेट पातळ पट्टीचे असतात आणि बऱ्याचदा सिलच्या पत्र्यालाच बोल्ट केलेले असतात. दगडावर गाडी अशा स्टेपवर टेकली की स्टेप वर दुमडते आणि तीच सिलमध्ये घुसते, म्हणजे संरक्षण राहिलं बाजूला, नुकसान उलट वाढतं. स्लायडरचं काम वेगळं आहे, गाडीचं वजन त्याच्यावर आलं तरी त्याने ते चेसीवर पोचवायचं आणि गाडीला दगडावरून घसरत पुढे जाऊ द्यायचं. डबल कॅब पिकअप रिकामीच २ टनांच्या आसपास असते, त्यात सामान, पाणी, माणसं, आणि हे वजन हळूच टेकत नाही, दाणकन येतं.

म्हणून स्लायडर बघायला गेलात की बाहेरचा चकचकीत पाईप सोडा आणि पाठमोरा करून त्याचे पाय बघा. पाय म्हणजे चेसीकडून बाहेर येणारे आडवे तुकडे. डबल कॅबला एका बाजूला किमान ३ पाय हवेत, ४ असतील तर उत्तम, आणि ते लांबीभर नीट विभागलेले हवेत. दोन टोकांना दोनच पाय आणि मधे दीड मीटर मोकळा पाईप असेल तर तो घेऊच नका, कारण दगड नेमका मधेच लागतो. पाय जिथे चेसीला भेटतो तिथे ५-६ मिमी जाडीची, हातभर नाही तरी चांगली रुंद प्लेट हवी, म्हणजे सगळा जोर एका बिंदूवर न येता चेसीच्या उभ्या भिंतीवर पसरतो. पाय आणि प्लेटच्या कोनात गसेट, म्हणजे आधाराचा त्रिकोणी तुकडा, असेल तर अजून चांगलं. वेल्ड सलग आणि एकसारखा आहे का ते बोट फिरवून बघा, ठिपके ठिपके टाकलेले असतील किंवा ग्राइंडरने घासून सपाट केलेला असेल तर मला तरी शंका येते.

बोल्टवाला घ्यायचा की वेल्डवाला हा पुढचा प्रश्न. नीट केलेला वेल्ड सगळ्यात मजबूत यात वाद नाही, पण तो करणारा हात तसा हवा. चेसीच्या वरच्या आणि खालच्या कडेवर आडवा वेल्ड टाकला की तिथूनच पुढे तडा जायला सुरुवात होते, त्यामुळे वेल्ड उभ्या भिंतीवरच राहायला हवा. शिवाय बंद पेटीसारख्या चेसीला बाहेरून वेल्ड केलं की आतला रंग जळतो आणि गंज आतून धरतो, बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून वेल्डनंतर आत गंज रोखणारं कॅव्हिटी वॅक्स मारून घ्यायलाच हवं. बॅटरीची वायर काढल्याशिवाय वेल्डिंग करू देऊ नका. आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये चेसीला वेल्ड करायला मनाई आहे का तेही बघा, वॉरंटीचा प्रश्न तिथेच येतो.

बोल्टवाले स्लायडर आता इतके चांगले येतात की बहुतेकांना तेच पुरेत असं मी म्हणेन, काढता येतात, दुरुस्त करता येतात, गाडी विकताना दुसऱ्या मालकाला देता येतात. फक्त ते चेसीत आधीपासून असलेल्या भोकांमध्ये बसतात की यू-बोल्टने चेसीला कवटाळतात ते बघा. यू-बोल्टमध्ये एक बारीक गोष्ट असते जी फोटोत दिसत नाही, नट कुठल्या बाजूला येतात. नट चेसीच्या खाली लोंबत असतील तर पहिल्या दोन-चार दगडांतच त्यांचे आटे घासून सपाट होतात आणि मग ते ना घट्ट करता येतात ना काढता येतात, शेवटी ग्राइंडरने कापावे लागतात. नट वर किंवा आतल्या बाजूला असलेलं डिझाईन शोधा. बोल्ट ८.८ ग्रेडचे तरी हवेत, १०.९ असतील तर छानच, ग्रेड बोल्टच्या डोक्यावरच लिहिलेली असते.

आता पाईप. इथे सगळे जाडीवर भांडतात, पण व्यासाकडे लक्ष देत नाहीत. ४४.५ मिमी व्यासाचा ४.८ मिमी जाड पाईप घ्या आणि त्याच्या शेजारी ५०.८ मिमी व्यासाचा फक्त ३ मिमी जाड पाईप ठेवा. पहिला उचलला की जड लागतो म्हणून जास्त दणकट वाटतो. हिशेब केला तर ताठपणा दुसऱ्याचा साधारण ८ टक्के जास्त असतो आणि वजनाला तो २० टक्क्यांहून जास्त हलका असतो, कारण धातू मध्यापासून जितका लांब तितका तो वाकवायला अवघड. मग जाड भिंतीचा उपयोग काय, तर खळगा पडत नाही. टोकदार दगडावर पातळ पाईप जागच्या जागी चेपतो, आणि चेपलेल्या जागीच मग तो दुमडतो. त्यामुळे रोज दगडांतच खेळणार असाल तर मोठा व्यास आणि जाडी दोन्ही घ्या, वजन सोसा. अधूनमधून कच्च्या वाटा, ओढे, चर असं असेल तर ५० मिमीच्या आसपासचा ३ मिमी पाईप पुरे. चौकोनी पाईपही चालतो, उलट पाय वेल्ड करायला तो सोपा, फक्त खालच्या कडा गोलसर हव्यात म्हणजे दगडात अडकत नाहीत. डीओएम पाईप (आतल्या दांड्यावरून ओढून नेमक्या मापाचा केलेला) साध्या वेल्डेड पाईपपेक्षा आतून-बाहेरून नेमका आणि जास्त ताकदीचा असतो, मिळत असेल तर तोच घ्या.

ॲल्युमिनियमबद्दल लोक विचारतात कारण वजन कमी. स्टीलची जोडी डबल कॅबला सहज ४०-६० किलो भरते आणि ते सगळं तुमच्या पेलोडमधून, म्हणजे गाडीच्या वजन वाहायच्या मर्यादेतून, जातं, हे खरंय. पण ॲल्युमिनियमचा ताठपणा स्टीलच्या साधारण एक तृतीयांश असतो आणि तो मऊ असल्यामुळे दगडावर घसरायच्या ऐवजी खरवडला जातो, चिकटतो. स्लायडरचं नावच घसरण्यावरून आहे, तेव्हा खऱ्या दगडी वाटेसाठी मी स्टीलच सांगेन.

आकाराबद्दल थोडं. काही स्लायडर जमिनीला समांतर सरळ बाहेर येतात, काहींची बाहेरची कड १० ते २० अंश वर उचललेली असते. चढायला सपाट बरा, पण दगडासाठी उचललेला चांगला, कारण तो खाली कमी लोंबतो आणि दरवाजाच्या खालच्या कडेलाही थोडा आडोसा देतो. दोन्हीत पाय चेसीच्या खालच्या कडेपेक्षा खाली जाता कामा नयेत, नाहीतर पैसे देऊन ग्राउंड क्लिअरन्स कमी करून घेतल्यासारखं होतं. मागच्या टोकाला पाईप बाहेर वळवलेला असतो, त्याला किकआउट म्हणतात, आणि पिकअपमध्ये तो मला फार महत्त्वाचा वाटतो. अरुंद वळणात मागची चाकं आतून कापत येतात, तेव्हा झाड किंवा खडक आधी किकआउटला लागतो आणि गाडीचा मागचा भाग बाहेर ढकलला जातो, त्यामुळे लोड बेडचा पत्रा वाचतो. मधली फट भरणारी वरची प्लेट असेल तर चढायला सोयीची पडते, फक्त तिला भोकं हवीत, नाहीतर चिखल वरच साठतो.

एक गोष्ट पिकअपवाल्यांनी विसरूच नये. कॅब चेसीवर रबराच्या माउंटवर बसलेली असते, चेसी पिळली की कॅब वेगळी हलते आणि लोड बेड अजून वेगळा. म्हणून स्लायडर आणि सिल यांच्यात साधारण २०-२५ मिमी मोकळी जागा राहायलाच हवी, आणि एकच स्लायडर कॅब आणि बेड दोघांच्या पत्र्याला कुठेही बांधलेला नको. बॉडी लिफ्ट केलेली, म्हणजे कॅब चेसीपासून उंच बसवलेली, असेल तर ही फट वाढते, मग तयार स्लायडर खाली पडल्यासारखा दिसतो आणि मापाने करून घ्यावा लागतो. चेसीसकट गाडी उंच करणाऱ्या सस्पेन्शन लिफ्टने मात्र काही फरक पडत नाही.

ऑर्डर देण्याआधी गाडीखाली जाऊन पाय येणार त्या जागा स्वतः बघा. चेसीच्या आतल्या बाजूने ब्रेकच्या नळ्या, डिझेलच्या नळ्या आणि वायरिंगचा हार्नेस गेलेला असतो, यू-बोल्ट त्यांना दाबणार नाही ना, सायलेन्सरच्या गरम भागाला पाय लागणार नाही ना, बघून घ्या. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरपासून किती जागा राहते ते मोजा, मोठे टायर घालणार असाल तर त्या मापाने. दरवाजे पूर्ण उघडून खालची कड कुठे येते तेही. आणि काही गाड्यांत साईड एअरबॅगचे सेन्सर सिलच्या किंवा मधल्या खांबाच्या पायथ्याशी असतात, तिथे भोक पाडायला सांगणारा स्लायडर सरळ नाकारा.

बसवून झाल्यावर जॅकची परीक्षा घ्या. सपाट जागा, हँडब्रेक, दुसऱ्या बाजूच्या चाकांना दगड किंवा ठोकळे, आणि मधल्या भागात स्लायडर व सिलमधली फट टेपने मोजून लिहून ठेवा. मग मधल्या पायाजवळ जॅक लावून त्या बाजूची चाकं जमिनीवरून जेमतेम सुटेपर्यंत उचला. फट काही मिलिमीटर कमी होईल, ते ठीक. पण गाडी खाली घेतल्यावर माप पुन्हा पहिल्याइतकंच यायला हवं. नाही आलं तर काहीतरी वाकलंय किंवा प्लेट सरकलीये, ते दुकानातच परत करा. उचललेल्या गाडीखाली हात-पाय घालू नका, हे सांगायची गरज नसावी तरी सांगतो.

पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा बघा, ते हमखास थोडे बसतात. रंगाचं म्हणाल तर पावडर कोटिंग दिसायला छान, पण दगडाने टवका उडाला की त्याच्या खालून गंज पसरत जातो आणि वरून कळत नाही, साधा चांगला प्रायमर आणि रंग असेल तर प्रत्येक फेरीनंतर घासून पुन्हा मारता येतो. पाईपची टोकं बंद हवीत आणि खालच्या बाजूला पाणी निघायला छोटं भोक. पाण्याचा प्रेशर मारताना चेसी आणि प्लेटच्या मधे साचलेला चिखल नीट धुवून काढा, गंज तिथूनच सुरू होतो.