फोर्कलिफ्टच्या अटॅचमेंटचा खडखडाट कमी कसा करायचा आणि ती टिकवायची कशी

नवी मुंबईत महापे, रबाळे, तुर्भे, तळोजा, कुठल्याही गोडाऊनमध्ये जा, रिकामी फोर्कलिफ्ट डॉकवरून परत येताना जो खडखडाट होतो ना त्याची सगळ्यांना इतकी सवय झालीय की तो दुरुस्त करता येतो हेच कोणाच्या डोक्यात येत नाही. पण आवाज येतोय म्हणजे लोखंडावर लोखंड आपटतंय, आणि जिथे आपटतंय तिथेच झीज चाललीय. म्हणून रबराच्या पट्ट्या चिकटवत बसायच्या आधी गॅप कुठे पडलाय तो शोधा, तो गेला की आवाजही जातो आणि पार्टही टिकतो.

शोधायचं कसं? फोर्क, म्हणजे माल उचलणारे पुढचे दोन लोखंडी दात, जमिनीपासून १५-२० सेंटिमीटर वर ठेवून एकाने गाडी हळू चालवायची आणि दुसऱ्याने बाजूला सुरक्षित अंतरावर उभं राहून ऐकायचं. फ्लोअरच्या जॉइंटवर खणखण झालं तर फोर्क, साइड शिफ्ट करताना (फोर्क डावी-उजवीकडे सरकवताना) किरकिर झाली तर बेअरिंगचे पॅड, मास्ट (फोर्क वर नेणारा उभा खांब) वर जाताना ठकठक झाली तर रोलर किंवा चेन, आणि लिव्हर ओढल्यावर शिटीसारखा आवाज आला तर हायड्रॉलिक. हात लावायच्या आधी कॅरेज (फोर्क ज्याला अडकवलेले असतात ती वर-खाली होणारी फ्रेम) पूर्ण खाली, चावी काढलेली, मास्टच्या आत बोटं अजिबात घालायची नाहीत, घाई असली तरी नाही.

आता फोर्क. आधी वरची लॉकपिन बघा, ती खाचेत नीट बसते का, स्प्रिंग दमलीय का. पिन नसलेली गाडी चालवूच नका, कितीतरी ठिकाणी तिथे साधा बोल्ट अडकवलेला दिसतो आणि फोर्क सरकत वाजत राहतो. मग जाडी मोजा. फोर्कचा उभा भाग फारसा झिजत नाही, म्हणून आउटसाइड कॅलिपर आधी तिथे सेट करायचा आणि तोच घेऊन खाली टाचेला, म्हणजे जिथे फोर्क वळतो तिथे आडव्या भागावर लावायचा. मूळ जाडीच्या १० टक्के झीज झाली की फोर्क बाद. ४० मिमीचा ३६ वर आला की संपला, कारण एवढ्या झिजेत ताकद साधारण २० टक्के कमी झालेली असते. दोन्ही फोर्कच्या टोकांच्या उंचीतला फरक आडव्या पात्याच्या लांबीच्या ३ टक्क्यांहून जास्त नको, १०७० मिमीच्या फोर्कला म्हणजे साधारण ३२ मिमी. टाच आणि हूक (ज्याने फोर्क कॅरेजला अडकतो) तारेच्या ब्रशने साफ करून क्रॅक बघा, वर्षातून एकदा तरी बघाच, दोन-तीन शिफ्ट चालत असतील तर त्याहून लवकर.

आणि हात जोडून सांगतो, झिजलेल्या टाचेवर वेल्डिंग मारू नका. एमआयडीसीत दर गल्लीला वेल्डर आहे, तासाभरात भरून देतो, पण फोर्कचं स्टील हीट ट्रीटमेंट केलेलं असतं, वेल्डिंगने त्याची ताकद बिघडते आणि वरून फोर्क नवा दिसत राहतो. गरम करून सरळ करणं पण तसंच. खाली काम करणारा माणूस आपलाच असतो.

टाच झिजते मुळात फोर्क जमिनीवर घासत नेल्यामुळे. चेन लांबली की कॅरेज खाली उतरते आणि ऑपरेटरच्या लक्षातही येत नाही, तेव्हा चेन पण मोजा, ३ टक्के लांबली की बदला.

साइड शिफ्टरला लोक नुसतं नवं ग्रीस मारतात. जुनं ग्रीस धुळीत कालवून दगडी पेस्ट झालेलं असतं, आधी ते पुसून काढा, मग दोन्ही टोकांपर्यंत शिफ्ट करत थोडं थोडं ग्रीस भरा. पॅड झिजले की खालच्या हूकचा गॅप वाढतो आणि अख्खं युनिट कॅरेजवर डुलायला लागतं, तो गॅप मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापावर आणा आणि बोल्ट टॉर्क रेंचने आवळा. आपल्याकडे खाडीची खारी हवा आणि वर चार महिने पाऊस, उघड्या यार्डातल्या गाडीचं ग्रीस धुऊन जातं, म्हणून पावसाळ्यात दोन ग्रीसिंगमधला काळ निम्म्यावर आणलेला बरा.

हायड्रॉलिकचं थोडक्यात. क्लॅम्प (माल दोन्ही बाजूंनी दाबून धरणारी अटॅचमेंट) शेवटाला गेल्यावर पण लिव्हर धरून ठेवला की रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह, ओरडतो आणि तेल तापतं, ऑपरेटरला सांगून बंद होण्यासारखी गोष्ट आहे. तेलात फेस दिसला तर लेव्हल आणि सक्शन लाइन बघा, हवा शिरतेय. क्लॅम्प किंवा रोटेटर (माल गोल फिरवणारी अटॅचमेंट) दणका देत थांबत असेल तर बहुतेक वेळा तेलाचा फ्लो जास्त आहे, तो सेट करून घ्या.

एवढं झाल्यावर पॅड. कंपनीचा अँटी रॅटल किट, म्हणजे खडखडाट थांबवणाऱ्या पॅडचा सेट, मिळत असेल तर तोच लावा, टायरचा तुकडा कापून फोर्कच्या मागे कोंबला तर फोर्क तिरका बसतो आणि वरच्या हूकवर ताण येतो.

फ्लोअर विसरू नका. ट्रायमिक्स (काँक्रीट) फ्लोअरचे तुटलेले जॉइंट भरले आणि डॉक लेव्हलरची, म्हणजे डॉक आणि ट्रकमधल्या फळीची, पट्टी सपाट बसवली तर बराचसा आवाज तिथेच थांबतो. घणसोली, कोपरखैरणेच्या बाजूला रस्त्यापलीकडे लोक राहतात, रात्री १० ते सकाळी ६ रहिवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, तेव्हा रात्रपाळीच्या गाड्या आधी दुरुस्तीला घ्या. आणि अटॅचमेंट बदलली असेल तर कपॅसिटी प्लेट (गाडी किती वजन उचलू शकते ते लिहिलेली पाटी) पण नवीन लागते, कारण अटॅचमेंटचं वजन गाडीच्या क्षमतेतून जातं, प्लेट येईपर्यंत जुन्या आकड्यावर माल उचलू नका.